पुएर्तो वायार्ता (मेक्सिको): गाईडबरोबर रस्त्यावरचं खाणं खात फिरायची टूर घ्यावी का?

मीनल_सासवड

नमस्कार मंडळी. जानेवारीत बहिणीकडे डॅलसला जातोय, तिथून सगळे मिळून सहा दिवस पुएर्तो वायार्ताला. समुद्र, देवमासे वगैरे ठरलंय. प्रश्न खाण्याचा आहे. संध्याकाळी गाईड आपल्याला चालत सात-आठ ठेल्यांवर नेतो, प्रत्येक ठिकाणी थोडंथोडं खायला देतो, अशा टूर तिथे बऱ्याच दिसतात. माणशी साठ-सत्तर डॉलर सांगतायत. आम्ही पाच जण, म्हणजे रक्कम लहान नाही.

मी मासे-मटण खाते, गोमांस नाही. नवरा शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, त्याही शाकाहारी, पण नवीन पदार्थ बघायची हौस माझ्यापेक्षा दांडगी. बहीण आणि मेव्हणे सगळं खातात. अशा घोळक्याने टूर घ्यावी, की तेच पैसे घेऊन आपलं आपण फिरावं? कुणी गेलं असेल तर मनापासून सांगा.

भटका_शिरीष

मीनलताई, घ्या. आणि पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच घ्या, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पहिल्या दिवशी घेतली तर उरलेले पाच दिवस तुम्ही त्या गावात खायला शिकलेल्या असता.

आम्ही चार वर्षांपूर्वी गेलो होतो. पहिल्या संध्याकाळी दोघंच बाहेर पडलो. ठेल्याभोवती माणसांचं कडं, पाटी नाही, दर नाही, मागायचं कुणाकडे ते कळेना. अर्धा तास घुटमळून शेवटी हॉटेलात पिझ्झा खाल्ला. दुसऱ्या दिवशी टूर घेतली. रिओ क्वाले नदीच्या दक्षिणेला जुनी वस्ती आहे, एमिलियानो झापाता, हल्ली तिला सोना रोमांतिका म्हणतात. तिथून सुरुवात झाली. पहिल्याच ठेल्यावर गाईडबाईंनी सांगितलेल्या गोष्टी आजही लक्षात आहेत:

ताटलीवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवलेली असते. तुमचं खाऊन झालं की पिशवी काढून टाकतात, पुढच्याला नवी. ठेल्यावर नळ नसतो, म्हणून ही युक्ती. मांस कापणारा पैशाला हात लावत नाही. लावलाच तर हातात पिशवी घालून. आणि पैसे शेवटी. किती ताको (तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, तिच्यात सारण घालून दुमडलेली) खाल्ले ते तुम्ही सांगायचं, तो मान डोलावतो, तेवढेच घेतो. कुणी मोजत बसत नाही. हे कळल्यावर माझी भीड पार गेली.

मग त्रोम्पो. उभ्या सळीवर मसाला लावलेल्या डुकराच्या मांसाचे थर रचलेले, बाजूला आग, सगळ्यात वर अननस. ठेलेवाला सुरीने मांसाची पातळ काप सरळ तळहातावरच्या तोर्तियात पाडतो आणि त्याच झटक्यात सुरीचं टोक वर नेऊन अननसाची चकती उडवतो, ती अलगद तोर्तियात येऊन पडते. हे अल पास्तोर. मूळ लेबनॉनहून आलेल्या लोकांचा शवर्मा. १९३०च्या सुमारास पुएब्ला शहरात त्याचे 'अरबी ताको' झाले, पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, गुआहियो मिरची आणि आचिओते (लाल रंग देणाऱ्या बिया) लागली, आणि पदार्थ पक्का मेक्सिकन झाला.

तिखटजाळ

माझं मत वेगळं. मी टूर न घेता दहा दिवस खाल्लं आणि उत्तम खाल्लं. गर्दी बघायची, स्थानिक बायका पोरांना घेऊन जिथे उभ्या असतील तिथे उभं राहायचं, बोट दाखवून मागायचं. साठ डॉलरमध्ये दोन माणसं तीन दिवस पोटभर जेवतील. शिवाय टूरवाले ज्या ठेल्यांवर नेतात तिथे हळूहळू पर्यटकच दिसायला लागतात, दर चढतात आणि गल्लीतला माणूस दुसरीकडे जातो. हे मी मुंबईतही बघितलंय.

रेणुका_ऑस्टिन

तिखटजाळ, तुम्ही सगळं खाता, म्हणून बोट दाखवून चालतं. मीनलताईंच्या घरात दोघं शाकाहारी आहेत. तिथे बोट दाखवून भागत नाही, कारण वरून बघून आत काय घातलंय ते दिसत नाही. मी गेली बारा वर्षं टेक्ससमध्ये आहे, मेक्सिकोला पाच-सहा वेळा गेले, शाकाहारी आहे. ऐका:

'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हटलंत तर कोंबडी येऊ शकते. कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे लाल मांसच येतं. म्हणून कोंबडी नको (नी पोयो), मासा नको (नी पेस्कादो) हेही सांगायचं. दुसरं, मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी. परतलेल्या राजम्यात ती असते, तमालेसच्या (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात ती असते, गव्हाच्या तोर्तियातही बरेचदा असते. मक्याची तोर्तिया मात्र सहसा मका, पाणी आणि चुना एवढीच. तिसरं, लाल भात दिसायला निरागस, पण पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. चौथं, तवा एकच असतो. तो चालत नसेल तर आधीच सांगा.

आता चांगली बातमी. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून भाजलेली तोर्तिया), पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत शिजवलेल्या, नोपाल, बटाट्याचे ताको, एस्कितेस म्हणजे कपातले मक्याचे दाणे लिंबू-तिखट-चीज घालून, कैरी आणि हिकामा (कच्चा खायचा कुरकुरीत कंद) तिखटमीठ लावून. सासूबाई उपाशी राहणार नाहीत. फक्त टूर ठरवतानाच लेखी कळवा, तिथे पोचल्यावर नको. चांगला गाईड आदल्या दिवशी ठेलेवाल्यांना सांगून ठेवतो.

मीनल_सासवड

रेणुका, हे तर छापून पाकिटात ठेवते. नोपाल म्हणजे काय?

रेणुका_ऑस्टिन

निवडुंग! फड्या निवडुंगाचं कोवळं पान. काटे सोलून, चिरून तव्यावर भाजतात. भेंडीसारखं बुळबुळीत असतं, भाजलं की आंबटसर लागतं.

बांधावरचा_बाळू

आमच्या माळावर एकरभर उभा आहे. बकऱ्या पण बघत नाहीत. 😀

चकली_चिवडा

वाचनखूण साठवली.

प्रज्ञा_एमडी

पोटाबद्दल. रस्त्यावरचं खाल्लं म्हणून पोट बिघडतं असं सरसकट नाही. समोर तव्यावरून उतरलेलं गरम खाणं हे बुफेमध्ये दोन तास कोमट पडलेल्या खाण्यापेक्षा बरं. धोका असतो तो न शिजवलेल्या गोष्टींत: कच्ची साल्सा, चिरून ठेवलेली कोथिंबीर, आणि आग्वाचिले, सेविचे वगैरे. लिंबात मुरवल्याने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण उष्णतेने मरतात ते सगळे जंतू लिंबाने मरत नाहीत. सासूबाईंचा प्रश्न नाही, पण तुम्ही मासे खाता म्हणून सांगितलं. नळाचं पाणी पिऊ नका. बर्फ बहुतेक ठिकाणी कारखान्यातला असतो, मध्ये भोक असलेली नळकांडी. शंका आली तर बर्फाशिवाय मागा. मीठ-साखरेची पाकिटं सोबत ठेवा, वयस्कर माणसाला उन्हाचा त्रास आधी होतो.

कोल्हापुरी_तडका

बिरियाचं कुणी नाव काढलं नाही! हालिस्को राज्याची शान आहे ती, आणि वायार्ता हालिस्कोतच. मूळ बोकडाची, सुक्या मिरच्यांच्या वाटणात रात्रभर शिजवलेली. सकाळी खायची, दुपारपर्यंत पातेलं रिकामं. वर तरंगणाऱ्या लाल तेलात तोर्तिया बुडवतात, तव्यावर कुरकुरीत करतात, आत मांस, शेजारी वाटीत गरम रस्सा. मी पहिला घोट घेतला आणि तांबडा रस्सा आठवून गप्पच झालो. पण मीनलताई, नीट विचारून घ्या. आता बऱ्याच ठिकाणी ती गाईच्या मांसाची करतात. 'रेस' म्हणजे गाय-बैल, 'चिवो' म्हणजे बोकड, 'पुएर्को' म्हणजे डुक्कर. हे तीन शब्द पाठ करा.

बांधावरचा_बाळू

शेतकरी म्हणून एक विचारतो. मक्यावरची काणी, म्हणजे बुरशी, खातात म्हणे तिकडे?

भटका_शिरीष

खातात, बाळूभाऊ, आणि कौतुकाने खातात. वित्लाकोचे. कणसाच्या दाण्यांच्या जागी फुगलेल्या करड्या-काळ्या गाठी. कांदा-मिरचीवर परतून केसादियात भरतात. चव मातकट, अळंबीसारखी, मागे मक्याचा गोडवा.

बांधावरचा_बाळू

आम्ही रोग म्हणून उपटून जाळतो. कृषी सहाय्यकाला सांगतो आता.

अवंती_ठाणे

विषयांतर करते, माफी असावी. काल संकष्टीला खिचडी करताना सहज मनात आलं. साबुदाणा कसावाचा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही गोष्टी अमेरिका खंडातून आल्या. पोर्तुगीज आले नसते तर आपण उपासाला काय खाल्लं असतं?

भटका_शिरीष

वरई आणि शिंगाडा. 🙂 एक बारीक दुरुस्ती: बटाटा, शेंगदाणा, कसावा हे दक्षिण अमेरिकेचे. मिरची आणि मका मात्र खास मेक्सिकोचे. आणि आपला डहाणू-घोलवडचा चिकू! त्याचं मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि आसपास. तिथे आजही बाजारात चिकोसापोते म्हणून मिळतो. त्याच झाडाच्या चिकापासून च्युइंगगम निघालं.

पेडणेकर_गोंय

देवाणघेवाण एकाच बाजूने नाही झाली. आंबा आणि चिंच आपल्या बाजूने तिकडे गेली. मनिलाहून आकापुल्कोला स्पॅनिश गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत होती. त्यांतून फिलिपिनो खलाशी गेले आणि त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर माडाची सूर, म्हणजे माडी, काढायला शिकवलं. वायार्ताच्या मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर, खांद्यावर मोठा भोपळा घेतलेला माणूस दिसेल. आत 'तूबा'. शब्दही फिलिपिन्सचा. पेल्यात ओतून वर सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे घालतो. मी पहिला घोट घेतला आणि थेट आमच्या गावातला रेंदेर (सूर काढणारा) सकाळी माडावरून उतरताना दिसला. तीच सूर, तोच आंबूस गोडवा. भाषा येत नसताना त्या म्हाताऱ्याला मी हातांनी माडावर चढायची खूण करून दाखवली. त्याने माझे तळवे हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि हसून मान हलवली. माझे हात मऊ निघाले, त्याचे आमच्या रेंदेरासारखे.

अवंती_ठाणे

पेडणेकर, काय सुंदर लिहिलंत!

चकली_चिवडा

त्या किनाऱ्यावर काठीला टोचलेला मासा विकतात त्याला 'गरोदर मासा' का म्हणतात? भाचीने फोटो पाठवलाय.

रेणुका_ऑस्टिन

हाहा! पेस्कादो एम्बारासादो. 'एन वारा', म्हणजे काठीवर, आणि 'असादो', म्हणजे भाजलेला. हे भरभर म्हटलं की गरोदर होतं. लॉस मुएर्तोस किनाऱ्यावर मिळतो, लिंबू पिळून खातात असं ऐकलंय, मी अर्थात चाखलेला नाही.

तिखटजाळ

पुन्हा मुद्द्यावर येतो. शाकाहाराबद्दल रेणुकाचं म्हणणं पटलं. पण शिरीष, दर चढतात त्याचं काय?

भटका_शिरीष

तुमची काळजी खरी आहे, मी झटकत नाही. आमच्या गाईडबाई त्याच वस्तीत वाढलेल्या. ज्या बाईकडे तोर्तिया खाल्ल्या ती त्यांना लहानपणापासून ओळखत होती. सहा जणांचा गट, दहा मिनिटं थांबलो, नेहमीच्या गिऱ्हाइकांना आमच्याआधी वाढलं गेलं, आणि गाईडबाईंनी तिथल्या दराने आमच्यासमोर पैसे दिले. हे विचारता येतं. गट किती जणांचा, गाईड कुठला, ठेल्यांना पैसे कसे देता? पंचवीस जणांची वरात घेऊन झेंडा धरून चालणाऱ्याकडे मीही जाणार नाही.

तिखटजाळ

मान्य. सहा जणांचं असेल तर मीही येतो.

मीनल_सासवड

सगळ्यांचे आभार! सहा-आठ जणांची, दुसऱ्या दिवशीची टूर ठरवली. शाकाहाराचं लेखी कळवलं, मान्तेकासकट. त्यांचं उत्तर आलं, "दोन ठिकाणं बदलू." सासूबाईंना साडेतीन तास चालणं जमेल का, एवढीच धाकधूक.

भटका_शिरीष

अंतर फार नाही, बसायला मिळतं. पण रस्ते गोटे बसवलेले, उंचसखल. चपला नकोत, बूट घालायला लावा.

---

मीनल_सासवड

धागा वर काढतेय. परवा पुण्यात पोचलो, आता वृत्तांत.

टूर घेतली ते शंभर टक्के बरं केलं. आठ जण होतो, त्यात आम्ही पाच. गाईड तिशीतला मुलगा, आजी पलीकडच्या टेकडीवर राहते म्हणाला. सासूबाईंचा हात धरून त्याने सगळे गोटे ओलांडून दिले आणि 'आबुएलीता', म्हणजे आजी, अशी हाक सुरू केली ती शेवटपर्यंत. मला धुरावलेल्या मार्लिन माशाचे ताको मिळाले, ते मी पुढचे तीन दिवस रोज खाल्ले. नवऱ्याला बटाट्याचे ताको आणि भोपळ्याची फुलं. तेहुईनो सगळ्यांना: मक्याचं पीठ गुळाबरोबर शिजवून किंचित आंबवलेलं, वर लिंबू, मीठ, बर्फ. आंबीलच की! बिरियाचं एक ठिकाण 'रेस'वालं निघालं, कोल्हापुरी_तडका, तुमचा शब्द उपयोगी पडला, मी नाही म्हटलं.

एक गोष्ट चुकली, तीही लिहिते. चौथ्या दिवशी टूरबाहेर एका जागी नवऱ्याने राजमा मागवला, 'सिन मान्तेका' म्हणायचं राहून गेलं. दोन घास खाल्ल्यावर विचारलं, तर चरबी होती. त्याला फार वाईट वाटलं, तो दिवस तो गप्प होता. म्हणून शाकाहारी लोकांनो, प्रत्येक वेळी विचारा. टूरमध्ये गाईडने विचारलं म्हणून पुढेही कुणीतरी विचारेल असं होत नाही.

आता मुख्य. चौथ्या थांब्यावर एका घराच्या ओसरीत एक बाई तोर्तिया करत होत्या. सत्तरीच्या असतील. पुरीच्या यंत्रासारखं लोखंडी यंत्र, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये पिठाचा गोळा, एक दाब, कागद सोलून थेट कोमालवर, म्हणजे तव्यावर. पहिल्यांदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली, मग दोन बोटांनी हलकेच मध्ये दाबली आणि ती टम्म फुगली. सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी गोळा घेतला, नाकाशी नेला आणि मला म्हणाल्या, "मीनल, याला चुन्याचा वास येतोय. पानाच्या डब्याचा." गाईडला विचारलं. बरोबर होतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, सकाळी साल चोळून काढतात आणि ओलाच दळतात. निश्तमाल. त्याशिवाय मक्याचं पीठ असं चिकटून येत नाही.

मग सासूबाईंनी यंत्र बाजूला सारलं, हाताला पाणी लावलं आणि दोन तळव्यांत गोळा थापायला घेतला, परातीशिवाय, घरी भाकरीचा शेवट करतात तसा. ती बाई उठून उभी राहिली. तिची आई अशीच थापायची, यंत्र नंतर आलं, असं तिने गाईडला सांगितलं. मग दोघी शेजारी बसून थापत होत्या, आम्ही पंधरा मिनिटं उभे. पुढच्या दोन थांब्यांना उशीर झाला, कुणी तक्रार केली नाही.

पेडणेकर_गोंय

मीनल, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

प्रज्ञा_एमडी

त्या चुन्याचं महत्त्व फार मोठं आहे. मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुन्यात शिजवल्यावर ते सुटं होतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटून निघते त्यात, डोकं भ्रमिष्ट होतं. त्या आजींच्या पूर्वजांनी हे हजारो वर्षांपूर्वी चुलीशी बसून शोधलं.

बांधावरचा_बाळू

मीनलताई, इथे करून बघितलं का? आमच्याकडे पांढरा मका आहे.

मीनल_सासवड

बाळूभाऊ, आज दुपारीच केला पहिला घाणा! सासूबाईंना दम कुठला. बाजारातला वाळलेला पिवळा मका, स्वीट कॉर्न नाही. किलोला दहा ग्रॅमच्या आसपास खायचा चुना. पाऊण तास मंद शिजवला, रात्रभर झाकून ठेवला. सकाळी साल बोटाने सुटत होती. दोनतीन पाण्यांनी धुतला. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागलं, पीठ सैल झालं, पहिल्या चार फाटल्या. मग सासूबाईंनी गच्चीवरचा पाटा खाली आणायला लावला.

बांधावरचा_बाळू

मग?

मीनल_सासवड

पाट्यावरची पाचवी फुगली. पिठल्याबरोबर खाल्ली. पांढरा मका दोन किलो पाठवता का? पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते.

बांधावरचा_बाळू

सोमवारी एसटीने पाठवतो. पैसे नकोत, दोन तोर्तिया ठेवा.